अवांतर

बसा साहेब. त्या खुर्चीवर बसा, स्टूल नको, ते डुगडुगतं. सकाळपासून पार्श्वशेठनी तुम्हाला सगळं कोल्ड स्टोरेज फिरवून दाखवलं, स्क्रीन दाखवल्या, तुम्ही आकडे उतरवून घेतले. आता घटकाभर माझं ऐका. शाळा माझी चौथीपर्यंत, बोलताना मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या. पण एक गोष्ट सांगतो, ती तुमच्या स्क्रीनवर दिसायची न्हाई. एक माणूस रोज सकाळी आठला माझ्याशी बोलत होता. एकवीस दिवस बोलला. आन् त्या एकवीस दिवसांत तो इथं नव्हताच.

भुताची गोष्ट न्हाई ही. भूत परवडलं, त्याला उतारा तरी ठेवता येतो. माणूस जिता आहे, सावळजला घरात बसून आहे, आन् माझं तोंड बघत न्हाई. मला तो परत माझ्यासमोर बसलेला पायजे. एवढंच आहे ह्या गोष्टीत, दुसरं काय न्हाई.

मी बिरू कोळेकर. सगळे बिराप्पा म्हणतात. तो दस्तगीर मुलाणी. ह्या मशीनघरात आम्ही दोघं ऑपरेटर. सकाळी आठ ते रात्री आठ मी, रात्री आठ ते सकाळी आठ तो. बावीस वर्षं. रातपाळी त्यानं आपणहून मागून घेतली होती, कारण दिवसा त्याला कबुतरं उडवायची असायची. म्हंजी बघा, बावीस वर्षं एका मशीनवर काम केलं पण एकदाही बरोबर काम केलं न्हाई. भेट फक्त पाळी बदलताना. सकाळी वीस-बावीस मिनिटं, संध्याकाळी वीस-बावीस मिनिटं. सगळी दोस्ती तेवढ्यातच.

आता ती मिनिटं कशाला लागायची, ते सांगतो. इथला गारवा अमोनियावर चालतो. अमोनिया कॉम्प्रेसरमध्ये दाबायचा, तो तापतो. पाण्यानं निववायचा, त्याचं पाणी होतं. ते चेंबरच्या नळ्यांत सोडलं की तिथं उकळतं, आन् उकळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. बेदाण्याच्या खोक्यांतला उन्हाळा तो असा पिऊन टाकतो, मग परत कॉम्प्रेसरकडं येतो. चांगला गडी आहे, पण नळीत आहे तवर. बाहेर आला की डोळे जाळतो, छाती जाळतो.

सुटला तर कळतो कसा? वासानं. पण नाकाची एक खोड आहे साहेब. गोठ्यात राहणाऱ्याला गोठ्याचा वास येतो का? नाक दमतं. थोडा थोडा वास बारा तास येत राहिला, तर बसलेल्याला तो येईनासा होतो. बाहेरनं येणाऱ्याला मात्र दारातच कळतो.

म्हणून जुन्या मिस्त्रीनं आम्हाला एक वळण लावलं होतं. येणाऱ्यानं तंबाखू खायची न्हाई, चूळ भरून यायचं, आन् आल्याआल्या सगळी फेरी मारून हुंगायचं. तवर जाणाऱ्यानं घरी जायचं न्हाई. येणारा ‘चोख’ म्हणाला की मग दोघांचा चहा. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं.

वहीत नव्हतं असं आणखी एक होतं. चार नंबरचं चेंबर वाढवलं त्या साली मागच्या बोळातनं एक नळी फिरवून घेतली. नकाशात ती कुणी काढलीच न्हाई. त्या नळीवर एक जुना व्हॉल्व्ह, त्याचा ग्लँड, म्हंजी दांड्याभोवतीचं पॅकिंग, सारखं सैल व्हायचं. दर दोन दिवसांनी पाना लावून पाव आटा आवळायचा, बास. एका इन्स्पेक्टरनं ‘बोळात कुणी जाऊ नये’ अशी पाटी लावली होती. आम्ही पाटीवर टॉवेल वाळत घालायचो आन् जायचो.

तो मला मेंढक्या म्हणायचा, मी त्याला कबुतऱ्या. सकाळचं आमचं बोलणं असं:

“काय रे मेंढक्या, उजाडलं का तुझं?”

“कबुतऱ्या, डोळ्याला चिपडं आहेत तुझ्या. झोपलेलास का?”

“झोपतोय कशाचा. दोन नंबरची मोटर सारखी कण्हत होती, तिला थोपटत बसलेलो.”

“भाबीचा गुडघा?”

“तो पण कण्हतोय. दोघांना एकच ग्रीस लावावं म्हणतो.”

असं. मोटर कुठं संपली आन् गुडघा कुठं सुरू झाला, आम्हालाच कळायचं न्हाई. पण मी कामाला बसायचो तवा मला मशीन पण ठाऊक असायचं आन् दस्तगीर पण.

मग थोरले मालक भूपालआण्णा थकले आन् धाकटे पार्श्वशेठ गादीवर आले. माणूस वाईट न्हाई, आजपण म्हणतो. पण त्यांना पाच वर्षांचं काम एका वर्षात पायजे होतं. पुण्याहून देवस्थळी मॅडम आल्या. बारीक चणीची बाई, चालताना पण कानात कुणाशी तरी बोलत असायच्या. त्यांनी आणलं ते यंत्र, ‘निरोप्या’.

निरोप्या काय करतो, तुम्हाला ठाऊकच आहे, पण मला कळलं तसं सांगतो. नळीनळीला बारक्या टिकल्या चिकटवल्या, त्या गरमी, दाब, थरथर आन् हवेतला गॅस मोजतात. ते झालं मशीनचं. माणसाचं असं, की आमच्या छातीला एक डबी लावली, काडेपेटीएवढी. तीन महिने आम्ही काय करतो, कुठं जातो, काय बोलतो, सगळं ती शिकणार. आमचा आवाज पण शिकणार. तीन महिन्यांनी, जाणाऱ्यानं बटन दाबून काय सांगायचं ते सांगायचं, निरोप्या त्यातलं कामाचं निवडणार, त्यात टिकल्यांचे आकडे घालणार आन् येणाऱ्याला कानात घालायच्या बोंडातनं जाणाऱ्याच्याच आवाजात दोन मिनिटांत ऐकवणार. मॅडम म्हणाल्या, “ओळखीचा आवाज असला की माणूस लक्ष देऊन ऐकतो.” ते खरं आहे. लई खरं आहे.

आता माझी चूक ऐका. डबी लावली त्या दिवशी मी दस्तगीरला बाजूला घेतलं.

“दस्तू, ह्या डबीपुढं जपून. कबुतरं, भाबी, शेठला शिव्या, सगळं बंद. वहीत आहे तेवढंच करायचं आन् तेवढंच बोलायचं.”

“आन् बोळ?”

“बोळ वहीत न्हाई. पाटी आहे तिथं. तीन महिने आपण शहाणी पोरं.”

“ग्लँड काय शहाणा व्हणार न्हाई तुझ्यासाठी.”

“चहाला डबी काढून ठेवायची परवानगी आहे का न्हाई? तवा जाऊन आवळायचा.”

तो हसला. म्हणाला, “चोराच्या हातात चावी, आन् चोरच पहारेकरी.” आन् आम्ही तसंच केलं. डबी टेबलावर, चहाचे ग्लास टेबलावर, आन् आम्ही दोघं पाना घेऊन बोळात. हुंगायची फेरी पण तवाच. खरं काम सगळं डबी काढून केलं, डबीला दाखवलं ते नाटक. लग्नाला बघायला पाहुणे आले की पोरगी बसते तशी आम्ही तीन महिने खाली मान घालून बसलो. आन् यंत्र शिकलं काय? ही दोन माणसं फक्त दाब आन् डिग्री एवढंच बोलतात, बाकी काय आलं तर ते कामाचं न्हाई. आन् बोळ नावाची जागा ह्या जगात न्हाई.

एक दिवस मॅडमनी सरळ विचारलं. समोर बसून, वही उघडून. “बिराप्पा, पाळी बदलताना ही बावीस मिनिटं दोघं इथे असता. कशासाठी लागतात?”

माझ्या ओठावर आलं होतं साहेब. पण एवढी शिकलेली बाई, तिला काय सांगू, आम्ही कुत्र्यासारखं हुंगत फिरतो? मला लाज वाटली.

मी म्हणालो, “चहाला, मॅडम.”

त्यांनी लिहून घेतलं.

मॅडम म्हणत होत्या, महिनाभर जुनं आन् नवं दोन्ही बरोबर चालवू, फरक बघू. शेठनी पाडवा धरला. “नवीन काम पाडव्यालाच,” म्हणाले. पाडव्याला उरलेले नऊ दिवस. तेवढ्यात काय फरक दिसणार? नारळ फुटला, पेढे वाटले, निरोप्या चालू झाला.

दुसऱ्या दिवशीपासून नियम असा. जाणाऱ्यानं आठला दहा कमी असताना पुढच्या दारानं बाहेर पडायचं. मधली दहा मिनिटं निरोप्या एकटा सांभाळणार, मोठी शटरं उघडून पंखे लावून हवा बदलणार. मग आठला मागचं दार उघडणार, येणारा आत. म्हंजी आमची गाठच पडायची न्हाई. बोळाला लोखंडी दार बसवलं, त्याचं कुलूप पण निरोप्याच्याच हुकमात. मी शेठला म्हणालो, “आत एक ग्लँड आहे, तो बघायला लागतो.” शेठनी यादी काढून दाखवली, “सगळे व्हॉल्व्ह नवे टाकलेत बिराप्पा, हे बघ, शंभर टक्के.” नकाशातले शंभर टक्के हो. नकाशात नव्हता तो राहिलाच. मला वाटलं, असेल बाबा, शिकल्याली माणसं.

पहिल्या सकाळी कानात आवाज आला, “नमस्कार बिराप्पा. सर्व चेंबर चार डिग्रीला आहेत. दाब नॉर्मल. काळजीचं काही नाही.”

आवाज हुबेहूब त्याचा. तोच घोगरा, तोच ‘बिराप्पा’ म्हणताना ‘प्पा’ वर दिलेला दाब. पण बावीस वर्षांत त्यानं मला एकदाही नमस्कार घातला नव्हता. मी एकटाच हसलो. म्हटलं, साहेबाच्या यंत्रापुढं लाजतोय कबुतऱ्या.

संध्याकाळी निघताना मी बटन दाबून बोललो, “दस्तू, लेका, नमस्कार काय घालतोस, मी काय मेलोय का? बरं, बोळातल्या ग्लँडचं काय केलं त्यांनी, बदलला का? तू बघितलास का?” सकाळी उत्तर आलं, “नमस्कार बिराप्पा. सर्व व्हॉल्व्ह नॉर्मल.” मला वाटलं, बघितलं त्यानं. जीव खाली पडला.

असं सुरू झालं. पहिले पंधरा दिवस मी रोज लई बोलायचो. माझ्या नातवाचं जावळ, पावट्याची आमटी, सगळं. सकाळी त्याच्या आवाजात फक्त दाब आन् डिग्री. मग मी पण कमी बोलायला लागलो. माणूस एका बाजूनं किती बोलणार? मनात म्हटलं, कंटाळला असेल माझ्या बडबडीला, आता सुटका झाली म्हणत असेल. बारा तास ह्या खोलीत मी आन् हे पंखे. दुपारी डबा उघडला की झाकणाचा आवाज पण मोठा वाटायचा. घरी गेलो तरी बायको म्हणायची, तुमचं तोंड शिवलंय का. बोलायची सवय मोडते हो, वापरली न्हाई की गंजते.

तुम्ही म्हणाल, फोन नव्हता का. होता की. पण मी जागा तवा तो झोपलेला, तो जागा तवा मी. आन् रोज सकाळी आवाज कानावर येतोय म्हटल्यावर फोन करायला कारणच उरलं न्हाई. इथंच गोम आहे साहेब. आवाज आला नसता ना, तर तिसऱ्या दिवशी मी सायकल मारत सावळजला गेलो असतो.

भादव्यात एका रविवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती, तवा दुपारी तासगावात औषधाच्या दुकानात शहनाजभाबी दिसल्या, दस्तगीरच्या घरच्या. हातात ही एवढी पिशवी औषधांची. मी आपला नेहमीसारखा, “काय भाबी, गुडघा काय म्हणतोय?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं आन् तोंड फिरवलं.

“भाबी? अवो, मी बिरू.”

“वळखते की,” म्हणाल्या. “चांगलं वळखलं. माणूस तिकडं मिरजेच्या दवाखान्यात नळ्या लावून पडलाय, तुमचा एक फोन न्हाई. चुकून वाटंनं सुद्धा आला न्हाई तुम्ही.”

“कोण पडलाय?”

“कोण म्हणून काय इचारता? तुमचा दोस्त. एकवीस दिवस झाले.”

“भाबी, काय तरीच काय. आज सकाळी बोललोय मी त्याच्याशी.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. येड लागलेल्या माणसाकडं बघतात तसं. मग दुकानदाराला म्हणाल्या, “भाऊ, लवकर द्या वो, एस्टी जाईल माझी.”

मी तिथनंच मिरज गाठली. खाटेवर बघितलं तर ओळखू येईना. गाल बसलेले, नाकात नळी. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुस आतनं सोललंय, स्वरयंत्राला पण इजा आहे, आवाज परत येईल असं सांगता येत न्हाई. वर मलाच विचारलं, कुठल्या तरी गॅसमध्ये महिनोन् महिने बसलाय का हा माणूस?

मी हात धरला. त्यानं काढून घेतला. मग खुणेनं जवळ बोलावलं. आवाज नव्हताच, नुसती हवा.

“रोज… सांगत होतो… तुला.”

“काय सांगत होतास?”

“छाती… बोळ उघड म्हण… शेठला… तू दिवसा असतोस…” दम लागला. मग म्हणाला, “तू रोज… एकच… ‘ठीक आहे दस्तगीर, सर्व नॉर्मल’.”

साहेब, मी त्याला जन्मात कधी दस्तगीर म्हटलेलं न्हाई. दस्तू, न्हाईतर कबुतऱ्या. पण त्याला पण रोज माझाच आवाज ऐकू येत होता ना.

मी सांगायला गेलो, त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी मशीनघरात आलो आन् कानात त्याचा आवाज, “नमस्कार बिराप्पा. काळजीचं काही नाही.” मी कानातलं उपटून फेकलं. तसाच गेलो पार्श्वशेठकडं. “शेठ, रातपाळीला कोण असतं?”

“दस्तगीर रजेवर आहे ना? त्याची रजा सिस्टीमनं मंजूर केली. तवापास्नं रात्री निरोप्या एकटाच चालवतो. बघ ना, एक डिग्री इकडचं तिकडं न्हाई.” मग माझं तोंड बघून म्हणाले, “का रे? तुला ठाऊक असंल म्हटलं. तुमचं तर रोजचं बोलणं.”

सगळ्यांना असंच वाटत होतं. शेठला वाटलं मला ठाऊक आहे, मला वाटलं दस्तू कामावर आहे, दस्तूला वाटलं मी ऐकतोय. आवाज तेवढा नेमानं येत होता. रात्रीच्या माणसाचा निरोप आठला द्यायचा, एवढं यंत्राला ठाऊक. माणूस नव्हता, म्हणून त्यानं आकड्यांवरनं बनवून दिला.

मी शेठला म्हटलं, बोळाचं दार उघडा, न्हाईतर मी तोडतो. कपाटातनं गंधकाची बत्ती काढली. ती पेटवून अमोनियाजवळ नेली की पांढरा धूर सुटतो, आमची जुनी परीक्षा. तोंडाला ओला टॉवेल बांधला. ग्लँडपाशी बत्ती नेली आन् धुराचा असा लोट उठला, की शेठ मागच्या मागं पळाले. माझ्या हाताला पाना होता, पाव आट्यानं भागलं न्हाई, दोन आटे आवळला तवा थांबला.

मग कळलं सगळं. दिवसा शटरं उघडी, बोळातली हवा मागल्या मळ्याकडं जायची. रात्री सगळं बंद, वारा पडायचा आन् तो गॅस भिंतीच्या फटीतनं सरळ ऑपरेटरच्या केबिनमध्ये. केबिनमध्ये टिकली न्हाई, कारण नकाशात तिथं नळीच न्हाई. मोठी गळती असती तर लांबच्या टिकल्यांनी बोंब मारली असती. ही बारीक. दस्तूचं नाक दमलेलं. आन् माझं ताजं नाक यायच्या आधी दहा मिनिटं पंखे लावून सगळं धुऊन काढलेलं. आम्ही बावीस मिनिटं थांबत होतो ना, ती ह्यासाठी.

देवस्थळी मॅडम पुण्याहून धावत आल्या. मी म्हटलं, “मॅडम, मी रोज बोललो ते गेलं कुठं? तो बोलला ते गेलं कुठं?”

त्यांनी स्क्रीनवर एक कप्पा उघडला. वर लिहिलं होतं ‘अवांतर’. निरोप्यानं जे जे कामाचं न्हाई म्हणून गाळलं, ते सगळं त्यात पडून होतं.

मॅडमनी लावलं. दस्तूचा आवाज. हा खरा, खोकणारा.

“ए मेंढक्या, नमस्कार काय घालतोस रे मला? सासरा आहेस का माझा?… बिराप्पा, पिवळी मादी आली न्हाई काल, ससाण्यानं धरली बहुतेक… अरे, डोळे चुरचुरतायत तीन दिवस झाले, तो बोळ उघडायला सांग शेठला. मी इथं तक्रार घातली तर ‘टिकली नॉर्मल’ म्हणतंय… बिरू, छातीत दुखतंय रे, तू शेठला बोललास का?… बिरू, तू ऐकतोस का न्हाई?… काय चुकलं का रे माझं? चुकलं असंल तर तोंडावर बोल…” शेवटी शेवटी नुसता खोकला आन् बटन बंद केल्याचा आवाज.

त्याखाली माझं. जावळ, आमटी, “दस्तू, लेका, बोल की काय तरी. रुसलास का?”

दोघं एकाच कप्प्यात, एकाखाली एक. एकमेकाला विचारत होतो, रुसलास का.

मॅडम रडत होत्या. म्हणाल्या, “मी तुम्हाला विचारलं होतं, बिराप्पा. बावीस मिनिटं कशासाठी.”

“खोटं बोललो मी मॅडम. लाज वाटली.”

“आणि मी ‘चहा’ लिहून मोकळी झाले,” त्या म्हणाल्या. “एकदा तरी तो चहा प्यायला येऊन बसायला हवं होतं.”

त्यांनी ते सगळं मला एका बारक्या डबीत भरून दिलं. मला वाटलं, झालं, पुरावा मिळाला. दस्तू दवाखान्यातनं घरी आला त्या आठवड्यात मी सावळजला गेलो. ओट्यावर बसला होता, कबुतरांचं खुराडं रिकामं. धुरा-पिसांना डॉक्टरांनी बंदी केली, म्हणून पोरानं कबुतरं देऊन टाकली.

“दस्तू, हे ऐक,” म्हणून मी डबी लावली. “दस्तू, लेका, नमस्कार काय घालतोस…” माझा आवाज सुरू झाला.

त्यानं दोन वाक्यं ऐकली आन् हात वर केला. पोराकडनं पाटी मागितली. बोलता येत न्हाई आता, पाटीवर लिहितो. मला वाचता येतं तेवढं, सावकाश.

लिहिलं होतं, ‘तुझा आवाज तर रोजच येत होता.’

मी तोंडानं सांगायला लागलो, तर त्यानं डोळे मिटून घेतले. काय ऐकायचं न्हाई म्हणून. बरोबर आहे त्याचं. ज्या यंत्रानं माझ्या आवाजात खोटं सांगितलं, त्याच यंत्रानं आता खरं सांगितलं तर त्यानं कुठलं धरायचं? दुसऱ्यांदा गेलो तर भाबी दारात आल्या, “झोपलेत,” म्हणाल्या. आतनं खोकला ऐकू येत होता.

ह्या सगळ्याला दोन वर्षं होत आली. शेठनी बऱ्याच गोष्टी सुधारल्या. नकाशा नवा केला, केबिनमध्ये टिकल्या लावल्या, रातपाळीला माणूस ठेवला, पाळी बदलताना दोघांनी अर्धा तास थांबायचं असा नियम छापला. नवा ऑपरेटर गुणाचा आहे. फेरी मारतो, ‘चोख’ म्हणतो, आन् फोनमध्ये डोकं घालून चहा पितो. मी काय बोलू त्याच्याशी?

एक मात्र शेठनी माझ्यावर सोडलं होतं. निरोप्यात दस्तूचा आवाज अजून होता. मॅडम म्हणाल्या, काढू की ठेवू, तुम्ही सांगा. विचार करा साहेब. त्याच्या गळ्यात आता आवाज न्हाई. त्या जुन्या फाइलीतलं सोडलं, तर जगात तो घोगरा आवाज एकाच ठिकाणी उरलेला, ह्या यंत्रात, रोज आठ वाजता. मी चार दिवस मागून घेतले. चार सकाळी ऐकला. “नमस्कार बिराप्पा.” पाचव्या दिवशी म्हटलं, काढा. माणूस तिकडं मुका बसलाय आन् आम्ही त्याच्या आवाजात डिग्र्या सांगतोय, हे बरं न्हाई. आता आठला नुसती घंटी वाजते.

तुम्ही आणखी तीन ठिकाणी हे बसवायला निघालाय, शेठ म्हणत होते. बसवा. माझी ना न्हाई. तिथल्या माणसांना काय विचारायचं, कसं विचारायचं, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. मी तुम्हाला त्यासाठी बसवून ठेवलं न्हाई.

माझं एक काम करा. ती ‘अवांतर’ची फाइल आत्ता मॅडमकडनं मागून घ्या आन् पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमच्या कानानं ऐका. दोन तास लागतात. मग सावळजला चला. त्याच्यापुढं डबी काढू नका, फोन काढू नका. ओट्यावर त्याच्या समोर बसा आन् तुम्ही काय ऐकलं ते तुमच्या तोंडानं सांगा. तुमचं त्याच्याशी घेणं न्हाई, देणं न्हाई, तुम्ही खोटं कशाला बोलाल, एवढं त्याला कळेल. मी येतो बरोबर, पण गल्लीच्या तोंडाला गाडीतच बसतो. सगळं सांगून झालं की त्याला विचारा, बिरू आलाय, आत येऊ का म्हणतोय. तो पाटीवर काय लिहील ते लिहील. ‘नको’ लिहिलं तरी चालेल. फक्त ते मला मेसेजवर कळवू नका साहेब. चालत गाडीपर्यंत या आन् माझ्याकडं बघून सांगा.